सतराव्या शतकातली इंग्रजी पत्रे : चूक, जुने स्पेलिंग की वेगळाच शब्द?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिवकाळावर काम करणाऱ्या एका अभ्यासकाने सुरत आणि मुंबईच्या इंग्रज वखारींतली पत्रे मूळ स्पेलिंगसह वाचायला घेतली आहेत. अगदी अनोळखी शब्दांची त्यांना अडचण नाही, ते कोशात सापडतात. अडचण ओळखीच्या शब्दांची आहे. 'देन' दिसतो, पण 'नंतर' हा अर्थ बसत नाही. 'लीस्ट' दिसतो, पण 'कमीत कमी' म्हटले तर वाक्य कोसळते. कापडाच्या आधी 'कोर्स' येतो, आणि तो मार्गही नाही, अभ्यासक्रमही नाही. या कारकुनांच्या चुका समजून दुरुस्त कराव्यात का, आणि जुने स्पेलिंग कोणते व निराळा शब्द कोणता हे कसे ओळखावे, असे त्यांनी विचारले आहे.

आधी सरळ उत्तर. यांतल्या बहुतेक जागी चूक नाही, आणि मूळ पाठात दुरुस्ती तर मुळीच करू नका. 'देन' आणि 'दॅन' यांची स्पेलिंगे वेगळी, हा भेद आपण शाळेत शिकलो. पत्र लिहिणाऱ्याच्या काळी तो पक्का झालेलाच नव्हता. जो नियम नव्हता तो त्याने मोडला असे म्हणता येत नाही. म्हणून 'याने कोणता शब्द चुकवला' हा प्रश्न बाजूला ठेवा आणि 'या जागी वाक्याला कोणता शब्द हवा आहे' हे विचारा. पुढे जे सांगणार आहे ते सगळे या एका प्रश्नाचाच विस्तार आहे.

मोडी वाचणाऱ्याला हे लवकर पटते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' कागदावर सारखेच उमटतात, शिवाय शब्दही सुटे केलेले नसतात. तरी पेशवे दफ्तराचा रुमाल, म्हणजे कागदांचे कापडी गाठोडे, सोडून बसलेला जाणकार अडत नाही, कारण तो सुटे अक्षर लावत बसत नाही, वाक्य लावतो. इंग्रजी कागदाला हीच नजर लागते. फरक एवढाच की मोडी पाहताच आपण सावध होतो, आणि छापील रोमन अक्षरे पाहिली की 'हे तर येते आपल्याला' म्हणून सैल पडतो. ओळखीचा शब्द डोळ्यांना थांबवत नाही आणि तिथेच अर्थ निसटतो.

त्या काळी स्पेलिंगची अवस्था काय होती ते एका पानावर दिसते. रॉबर्ट कॉड्री याचा १६०४ चा कोश हा इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा पहिला कोश मानला जातो. कठीण शब्दांचे 'खरे लेखन' शिकवण्याचे वचन त्याच्या मुखपृष्ठावरच छापलेले आहे. त्याच पानावर 'वर्ड्‌स' हा शब्द एकदा डब्ल्यू-ओ-आर-डी-ई-एस असा येतो आणि थोडे खाली डब्ल्यू-ओ-आर-डी-एस असा. 'युज्युअल' हा शब्द तिथे व्ही-एस-यू-ए-एल-एल असा आहे, म्हणजे आरंभी यू नसून व्ही. शुद्धलेखन शिकवणाऱ्या पुस्तकाच्या दर्शनी पानाची ही तऱ्हा, आणि त्या काळच्या वाचकाला त्यात खटकण्यासारखे काही नव्हते. शब्द ओळखू आला की स्पेलिंगचे काम झाले, अशी ती धारणा होती. सॅम्युअल जॉन्सनचा कोश आला १७५५ साली. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती ३१ डिसेंबर १६०० ला, आणि मुंबई बेट तिच्या ताब्यात आले १६६८ मध्ये. तुमची पत्रे या दोन कोशांच्या मधल्या दीड शतकातली आहेत, आणि ही घडी बसत होती ती याच काळात. त्यातही छापखाने पुढे होते, हाताने लिहिणारे मागे. १६७० च्या छापील पुस्तकात जे रूप मागे पडलेले दिसेल, तेच सुरतेच्या पत्रात बिनदिक्कत सापडेल.

स्पेलिंग दाखवताना मी अक्षरे सुटी करून लिहितो आहे. थोडे लांबते, पण इथे प्रत्येक अक्षराला महत्त्व आहे.

पहिला आणि सर्वांत मोठा गट आहे तो मुळात एकच असलेल्या आणि पुढे दोन झालेल्या शब्दांचा. 'देन' आणि 'दॅन' हे त्याचे उत्तम उदाहरण. जुन्या इंग्रजीत हे दोन्ही एकाच शब्दातून निघाले. टी-एच-ई-एन आणि टी-एच-ए-एन ही दोन्ही रूपे कित्येक शतके दोन्ही अर्थांनी चालत होती, आणि 'नंतर'साठी ई, तुलनेसाठी ए ही वाटणी साधारण १७०० च्या आसपास स्थिर झाली. शेक्सपिअरच्या नाटकांची १६२३ ची मोठी आवृत्ती उघडा. हॅम्लेट होरेशियोला म्हणतो की स्वर्गात आणि पृथ्वीवर आपल्या तत्त्वज्ञानाच्या स्वप्नातही नसलेल्या गोष्टी आहेत. त्या प्रसिद्ध ओळीत तुलनेचा शब्द टी-एच-ई-एन असाच छापला आहे. तेव्हा वखारीतल्या पत्रात 'मोर', 'लेस', 'बेटर', 'रादर', 'अदर' यांच्यामागून 'देन' आला तर तो तुलनेचा आहे असे धरूनच वाचा. त्या आधारशब्दांवर नजर ठेवली की हा 'देन' फारसा फसवत नाही. फसवतो तो लांब वाक्यात, जिथे 'मोर' तीन ओळी मागे राहिलेला असतो आणि मध्ये जहाजांची नावे, मालाचे भाव आणि दोन कंस येऊन गेलेले असतात. तिथे पेन्सिल घेऊन मागे जा आणि तुलनेचा दुसरा पाय शोधा.

'ऑफ' या दोन शब्दांचे तसेच. एक एफ आणि दोन एफ ही एकाच शब्दाची सौम्य आणि ठासून उच्चारलेली रूपे होती, आणि वाटणी सतराव्या शतकात होत गेली. त्यामुळे एक एफवाला 'ऑफ' दिसला की 'चा, ची, चे' असे आपोआप म्हणू नका. क्रियापदाला चिकटलेला असेल तर तो 'दूर, बाजूला' या अर्थाचा असू शकतो. माल विकून टाकणे, जहाज किनाऱ्यापासून दूर उभे राहणे अशा जागी हे हमखास येते. 'टू' मधल्या एका ओ-दोन ओचेही हेच, त्यावर अधिक बोलायला नको.

'कोर्स'वर मात्र थांबावे लागेल, कारण आपल्या भागातल्या पत्रांत तो व्यापाराच्या मर्मावरच येतो. आज 'जाडेभरडे' या अर्थाचा शब्द सी-ओ-ए-आर-एस-ई असा लिहितात आणि 'मार्ग, क्रम' या अर्थाचा सी-ओ-यू-आर-एस-ई असा. पण भरड हा अर्थ 'कोर्स'लाच फुटलेली फांदी आहे : नेहमीचे, सर्वसाधारण ते 'कोर्स'चे, आणि सर्वसाधारण कापड म्हणजे जाडेभरडे. ए घातलेले वेगळे स्पेलिंग सतराव्या शतकात हळूहळू रुळत गेले. वखारीच्या पत्रात कापडाला लागलेला सी-ओ-यू-आर-एस-ई म्हणजे प्रत सांगणारे विशेषण. कंपनीचा इथला व्यवहार मोठ्या प्रमाणात कापडाचा होता. कोणत्या गावचा माल भरड, कोणत्या गावचा तलम, कोणत्याला इंग्लंडात भाव येतो, यावर पानेच्या पाने लिहिलेली असतात. हा शब्द चुकला तर आर्थिक इतिहासाचा पुरावाच हातातून जातो. आणि गंमत अशी की त्याच पत्रात, कदाचित त्याच परिच्छेदात, जहाजाचा 'कोर्स' त्याच स्पेलिंगने येतो आणि तिथे तो मार्गच असतो. स्पेलिंग काहीच सांगत नाही. जवळचे नाम सगळे सांगते.

याच गटातले आणखी काही झटपट सांगतो. 'ह्यूमन' शेवटी ई लावून लिहिलेला असेल तर तो 'दयाळू' असेलच असे नाही, साधा 'मानवी' असू शकतो. दोन्ही अर्थांना एकच रूप अठराव्या शतकाच्या तोंडापर्यंत चालले. 'मेटल' आणि 'मेटल', म्हणजे धातू आणि अंगातले पाणी, हे एकच. पीठ आणि फूल यांना एकच 'फ्लॉवर'. धान्य दळून चाळल्यावर येणारा उत्तम भाग तो त्याचे फूल, अशी ती कल्पना. म्हणून जहाजाच्या शिध्याच्या यादीत 'फ्लॉवर'ची पिंपे दिसली तर ते पीठ आहे. 'ट्रॅव्हल' आणि 'ट्रॅव्हेल', प्रवास आणि कष्ट, हेही एकाच शब्दाचे दोन वाटे, आणि त्या काळी प्रवास कष्टाच्या स्पेलिंगने लिहिलेला सर्रास आढळतो. 'डायव्हर्स' हा शब्द शेवटी ई नसताना बहुधा 'अनेक, कित्येक' एवढाच असतो, 'भिन्न भिन्न' नव्हे.

दुसरा गट अधिक धोक्याचा आहे. इथे शब्द मुळातच वेगळे, पण जुन्या स्पेलिंगमुळे एक दुसऱ्याच्या वेषात येतो. सर्वांत घातक आहे तो एल-ई-ए-एस-टी. आज याचा अर्थ 'सर्वांत कमी'. सतराव्या शतकात 'न जाणो, नाही तर' या अर्थाचा 'लेस्ट' हाही याच अक्षरांनी लिहीत. दोघांचेही नाते 'लेस' या शब्दाशी आहे, त्यामुळे रूपे जवळ येणे स्वाभाविक होते. पण अर्थाचा फरक मोठा पडतो. 'लेस्ट'मागून भीती येते : शत्रू येईल, माल जाईल, पावसाळा गाठेल. वखारींतल्या पत्रांत भीतीला तोटा नाही. 'लीस्ट'मागून लगेच कर्ता आणि त्यामागून 'शुड' किंवा नुसते मूळ क्रियापद आले, तर तो निःसंशय 'लेस्ट' आहे. 'अ‍ॅट', 'द' किंवा 'इन द' आधी असेल तर तो खरा 'लीस्ट'. ही खूण पाठच करून ठेवा. इतक्या वेळा कामी येणारी दुसरी खूण मला माहीत नाही.

'लूज'चेही असेच. एल-ओ-ओ-एस-ई म्हणजे सैल, पण त्याच अक्षरांनी 'गमावणे'ही लिहीत. 'बीन' हा बी-आय-एन असा लिहीत, म्हणजे आपल्या डोळ्यांना डबाच दिसतो. 'बी' ला ई जोडून बी-ई-ई केले की मधमाशी, 'डू' ला ई जोडून डी-ओ-ई केले की हरिणी. तसेच 'वी', 'मी', 'ही' दोन ईंनी, 'सो', 'नो', 'गो' शेवटी ई लावून. ही माळ एकदा डोळ्यांखालून गेली की पुन्हा अडवत नाही. 'देअर' आणि 'देअर', म्हणजे 'तिथे' आणि 'त्यांचा', यांची अदलाबदल तर प्रत्येक पानावर आहे. 'व्हिदर' म्हणजे 'कुठे, कोणीकडे' हा शब्द 'व्हेदर' म्हणजे 'की काय' याच्या स्पेलिंगने येतो. त्यामुळे जहाज 'कोणीकडे गेले ते कळत नाही' याचे 'गेले की नाही ते कळत नाही' होऊन बसते, आणि दोन्ही वाक्ये तितकीच शहाणी वाटतात. तुरुंगाचा 'जेल' हा जी-ए-ओ-एल ऐवजी जी-ओ-ए-एल असा लिहिलेला आढळतो, म्हणजे आजच्या डोळ्यांना 'ध्येय'. 'पीस', म्हणजे कापडाचा ठाण आणि तह, यांची रूपेही एकमेकांजवळ सरकतात. पण तहाची बोलणी आणि ठाणांची मोजणी यांत गोंधळ होण्याइतके वाक्य क्वचितच आखूड असते.

काही शब्द उलट दिशेने चकवतात. दिसतात अनोळखी, असतात घरचे. ए-सी-सी-ओ-एम-पी-टी हा 'अकाउंट'च, हिशेब. मधले एम-पी लॅटिन मुळाचा मान राखण्यासाठी घातलेले. 'क्लार्क' सी-एल-ए-आर-के हा 'क्लर्क'च. उच्चार ब्रिटिश इंग्रजीत अजून तसाच आहे, आणि आडनावात स्पेलिंगही टिकले. 'बर्दन' म्हणजे बर्डन, ओझे, आणि जहाजाच्या बाबतीत त्याची वहनशक्ती. 'मर्दर' म्हणजे मर्डर. 'शो' हा एस-एच-ई-डब्ल्यू असा दिसला तर त्याचा उच्चार 'शू' करू नका.

तिसरा गट शब्दांचा नाही, अक्षरांच्या आकाराचा आहे. वाय-ई असे लिहिलेले 'ये' हे यातले सर्वांत प्रसिद्ध. जुन्या इंग्रजीत 'थ' ध्वनीला 'थॉर्न' नावाचे स्वतंत्र अक्षर होते. हस्ताक्षरात ते घासत घासत वायसारखे दिसू लागले, आणि युरोपातून आलेल्या छपाईच्या खिळ्यांत ते अक्षर नसल्याने छापणाऱ्यांनीही वायवर भागवले. म्हणजे वाय-ई हे 'द' आहे आणि उच्चारही 'द'च. वायवर छोटा टी म्हणजे 'दॅट', छोटा एम म्हणजे 'देम', छोटा एन म्हणजे 'देन' किंवा 'दॅन', आणि मग पहिल्या गटाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. खरा 'ये', म्हणजे 'तुम्ही' या अर्थाचे सर्वनाम, हा निराळा शब्द आहे आणि त्याचा उच्चार 'यी' असा. बायबलमध्ये तो भरपूर आहे. व्यापारी पत्रात नामाच्या आधी आलेला वाय-ई सर्वनाम असण्याचा संभव जवळजवळ नाही.

लांब एस हे दुसरे. शब्दाच्या आरंभी आणि मध्ये हा उंच एस, शेवटी आपला नेहमीचा गोल एस. उंच एस एफसारखा दिसतो. फरक आडव्या रेघेत आहे : छापील एफची रेघ दांड्याला छेदून दोन्हीकडे जाते, उंच एसला डावीकडे नुसता एक बारीक काटा असतो, किंवा तोही नसतो. कागद जीर्ण असेल तर हा काटा दिसत नाही. मग 'सोल्ड' आणि 'फोल्ड', 'साइट' आणि 'फाइट', 'सेम' आणि 'फेम', 'सिक्स' आणि 'फिक्स' यांतून निवडायचे असते ते अर्थावरूनच. लंडनच्या टाइम्सने हे अक्षर १८०३ मध्ये सोडले. हस्ताक्षरात मात्र दोन एस जोडून येतात तिथला पहिला एस पुढे कित्येक दशके उंचच राहिला, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या कागदांतही 'मिस' हा 'मिफ्स'सारखा दिसू शकतो. यंत्राने वाचलेल्या जुन्या पुस्तकांत हा घोळ मोठ्या प्रमाणावर आहे. यंत्राला 'बेस्ट' हा 'बेफ्ट' दिसतो. तुम्ही शोधखिडकीत आजचे स्पेलिंग टाकाल आणि काहीच सापडले नाही म्हणून पुढे जाल, तर पुरावा तिथेच पडून राहील. एसच्या जागी एफ घालूनही एकदा शोधा.

यू-व्ही आणि आय-जे यांचे मी थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या काळापर्यंत छापील पुस्तकांतून ते मागे पडत चालले होते. जुना संकेत ध्वनीचा नव्हता, जागेचा होता : आरंभी व्ही, मध्ये यू. म्हणून 'अपॉन' व्हीने सुरू होतो आणि 'हॅव'मध्ये यू येतो. 'जज' आयने सुरू होतो. एकट्या मोठ्या आयची एक खोच मात्र माहीत असू द्या. तो 'मी' असतोच, पण शेक्सपिअरच्या त्या १६२३ च्या आवृत्तीत 'होय' या अर्थाचा 'आय'ही त्याच एका अक्षराने छापला आहे.

आता चौथी गोष्ट, जी स्पेलिंगची नाहीच, पण लोक तिला स्पेलिंगच्या खात्यात टाकतात. शब्द तोच, अक्षरे तीच, अर्थ बदललेला. 'प्रेझेंटली' म्हणजे तेव्हा 'ताबडतोब'. 'वाँट' म्हणजे 'उणीव असणे'. सैन्याला दाणागोटा 'वाँट' आहे म्हणजे त्याला तो मिळत नाही. 'लेट' हा 'अडवणे, अडथळा' या अर्थाचाही होता, आणि तो 'करू देणे'वाल्या 'लेट'पासून मुळात वेगळा शब्द. अशा जागी स्पेलिंग कितीही तपासले तरी हाती काही लागत नाही. कोशात त्या सनाचा अर्थ पाहावा लागतो. तारखांचेही असेच आहे. इंग्लंडात १७५२ पर्यंत कायद्याने नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी १६६४ मधली सुरतेची लूट इंग्रजी कागदांत १६६३ किंवा १६६३/६४ अशी दिसते. तिथेही कोणी चूक केलेली नाही.

हे सगळे एकत्र कसे येते ते दाखवण्यासाठी एक वाक्य घेतो. ते कोणत्याही पत्रातले नाही, समजावण्यासाठी त्या धर्तीवर मी बनवले आहे : 'वी हॅव बिन अ‍ॅडव्हाइज्ड दॅट सेवाजी इज निअरर देन वी थॉट, अँड डेअर नॉट सेंड द कोर्स क्लॉथ बाय लँड लीस्ट वी लूज इट.' कागदावर यातला 'वी' दोन ईंचा, 'बिन' डब्याचा, 'दॅट' वायवर टी काढलेला, 'देन' ईचा, 'द' म्हणजे वाय-ई, 'कोर्स' यूचा, 'लीस्ट' ए घातलेला आणि 'लूज' दोन ओंचा असेल. डोळ्यांनी शब्दशः वाचणारा 'शिवाजी जवळ आहे, नंतर आम्हाला वाटले' इथे अडखळेल आणि शेवटी 'निदान आम्ही तो सैल करू' इथे हात टेकेल. आता क्रमाने पाहा. 'निअरर' हे तुलनेचे रूप आहे, म्हणून 'देन' तुलनेचा. 'क्लॉथ'आधी आहे म्हणून 'कोर्स' म्हणजे भरड. 'डेअर नॉट' म्हणजे भीती, 'लीस्ट'मागून लगेच कर्ता आणि मूळ क्रियापद, म्हणून तो 'न जाणो'. आणि भीती कापड सैल होण्याची नसते, जाण्याची असते. अर्थ लागला : शिवाजी आम्हाला वाटले होते त्यापेक्षा जवळ आला असल्याची खबर आहे, आणि भरड कापड खुष्कीने पाठवायला आम्ही धजत नाही, न जाणो ते हातचे जायचे.

ओळ अडली की मी पहिल्यांदा ती मोठ्याने वाचतो. कारकून कानाने लिहीत होता, आणि कानाला जे लगेच कळते ते डोळ्यांना पुष्कळदा कळत नाही. त्याने भागले नाही तर त्याच लेखकाची इतर पत्रे पाहतो. स्पेलिंग देशभर एक नव्हते, पण एकेका माणसाच्या सवयी बऱ्याच स्थिर असत. एकच माणूस 'लेस्ट' दोन्ही तऱ्हांनी लिहीत असेल तर तेही नोंदवून ठेवण्याजोगे आहे. त्यानंतर कोश. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात प्रत्येक शब्दाखाली त्याची जुनी रूपे शतकवार दिलेली असतात. लोक थेट अर्थाकडे जातात आणि हा भाग ओलांडतात. तुमच्या कामाला खरा उपयोगी भाग तोच आहे. तुम्हाला हवे असलेले रूप त्या शतकाखाली नोंदलेले असेल, तर तर्काला आधार मिळाला. नोंद नसेल तर अजून थांबा.

शेवटचा आधार म्हणजे दुसरी प्रत. जहाज बुडण्याचा धोका असल्याने कंपनीची महत्त्वाची पत्रे एकाहून अधिक जहाजांनी पाठवत, शिवाय नकलांची बाडे ठेवत. दोन प्रतींत एकाच जागी एकीकडे 'देन' आणि दुसरीकडे 'दॅन' मिळाला, तर वाद मिटला. याच वाटेने खऱ्या चुकाही सापडतात. चुका होत होत्याच : शब्द गळणे, ओळ दोनदा उतरणे, नक्कल करणाऱ्याला मराठी नाव न लागल्याने भलतेच अक्षर पडणे. पण ही चूक आहे असे म्हणण्याआधी ते जुने स्पेलिंग नाही हे सिद्ध करावे लागते. सिद्ध करण्याची जबाबदारी वाचणाऱ्यावर आहे.

म्हणून लिप्यंतर करताना जे दिसते तेच लिहा. उंच एसच्या जागी साधा एस चालेल, वाय-ईच्या जागी 'द' चालेल, मात्र तसे केल्याचे सुरुवातीला एकदा सांगा. बाकी 'देन'चा 'दॅन' करू नका, आणि प्रत्येक जुन्या रूपापुढे चौकटी कंसात 'असेच' असेही लिहीत बसू नका. तशी खूण वाचणाऱ्याला चुकीची सूचना देते, आणि इथे तर चूकच नसते. ती खूण खऱ्या चुकांसाठी राखून ठेवा. मराठी अनुवादात मात्र अर्थ स्पष्ट उतरवा, आणि जिथे दोन्ही अर्थ खरोखर शक्य असतील, जसे 'व्हेदर'च्या त्या जहाजाच्या उदाहरणात, तिथे तळटीप देऊन दोन्ही सांगा. अनुवादकाने गुपचूप एक वाट निवडली की पुढचे दहा लेखक तिच्यावरूनच चालतात, आणि मूळ इंग्रजी कोणी उघडून पाहत नाही. आपल्याकडच्या इतिहासलेखनात ही काळजी घेतली जावी असे मला फार मनापासून वाटते. इंग्रजी कागद हा परक्या माणसाने पाहिलेला पुरावा आहे. तो काय म्हणतो ते आधी नीट ऐकायला हवे, मग त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवता येईल.

नावांनाही हाच नियम लावा. महाराजांचे नाव 'सेवाजी' यासारख्या अनेक रूपांनी येते. त्यात एक आवृत्ती खरी आणि बाकीच्या अपभ्रष्ट असे काही नाही, प्रत्येकाने ऐकले तसे लिहिले. इंग्रजांची स्वतःची नावेही यातून सुटत नाहीत. १६६४ मध्ये सुरतेच्या वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज आणि १६७४ च्या जूनमधल्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेला हेन्री, यांचे 'ऑक्झेंडन' हे आडनाव कुठे मध्ये ई घालून, कुठे आय घालून लिहिलेले मिळते. सूची करताना ती दोन आडनावे समजून वेगळी नोंदवू नका.

सुरुवात करताना सगळी बाडे एकदम उघडण्यापेक्षा एकाच माणसाची पंधरा-वीस पत्रे सलग घ्या. शेजारी एक वही ठेवा. तिच्यात जुने रूप, त्याने दिलेला अर्थ आणि तो अर्थ ज्यावरून ठरवला तो शेजारचा शब्द, अशी तीन रकान्यांत नोंद करत चला. तिसरा रकाना गाळू नका. दुसऱ्या माणसाची पत्रे हाती घ्याल तेव्हा त्याची स्पेलिंगे निराळी निघतील, पण ते शेजारचे शब्द, म्हणजे 'मोर', 'अदर', 'डेअर नॉट', 'क्लॉथ', बहुतांशी तेच असतील.